समुपदेशकांची बैठक म्हणजे चावडी नव्हे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकात वाचकांच्या पत्रांमध्ये मागच्या आठवड्यात धुळ्याच्या एका गृहस्थांचं पत्र छापून आलं. घरातल्या एका बाईला ते समुपदेशनासाठी घेऊन जात होते. पुढे त्यांना कळलं, की या मॅडम महिन्यातून एकदा इतर समुपदेशकांसोबत बसतात आणि तिथे ‘केसेस’वर बोलणं होतं. आमच्या घरातली गोष्ट सात जणांपुढे चघळायची परवानगी यांना दिली कोणी, असा त्यांचा सवाल होता. शेवटी त्यांनी ‘चावडी’ हा शब्द वापरला.

त्या मॅडम मी नाही. पण अशाच एका बैठकीत मी २०१८ पासून बसते, त्यामुळे तो शब्द लागला. दोन दिवस डोक्यातून जाईना. मग कबूल करावं लागलं, की गृहस्थ निम्मे बरोबर आहेत. ते निम्मं आधी लिहिते.

बैठक सुरू झाली त्या पहिल्या वर्षातली गोष्ट. मी आणि एक सहकारी नंदुरबारहून पॅसेंजरने अमळनेरला परतत होतो. दोंडाईचाला कोणी तरी मिरचीची दोन पोती चढवली आणि सगळा डबा ठसकायला लागला. त्या गलक्यात मी एका मुलीबद्दल बोलत होते. नाव घेतलं नाही, गाव घेतलं नाही. एवढंच, की बारावी झालेली, वडील वारलेले, काकांनी लग्न ठरवलं आणि हिने खाणंच सोडलं. आपण किती सांभाळून बोलतोय असं मला मनातून वाटत होतं. समोर एक आजी बसल्या होत्या, मांडीवरच्या पिशवीतून मेथीच्या जुड्या डोकावत होत्या. शिंदखेडा आलं तशा त्या उठल्या, माझ्याकडे वाकल्या आणि हळूच म्हणाल्या, “बहीन, ती पोर आमना गावनी शे का?”

ती पोर त्यांच्या गावची नव्हती. तालुकाही वेगळा. पण मला ‘नाही’ म्हणता येईना. नाही म्हटलं की पुढचा प्रश्न, मग कुठली? आणि गप्प बसलं की त्याचा अर्थ ‘हो’. मी हसल्यासारखं काही तरी केलं. आजी उतरून गेल्या. आता त्यांच्या गावात वडील नसलेली, काकांकडे राहणारी, बारावी झालेली एखादी मुलगी असणारच. जिला मी जन्मात पाहिलं नाही, तिच्या नावावर माझं बोलणं त्या संध्याकाळी कुठल्या तरी ओट्यावर जाऊन बसलं असेल. आजींना दोष देत नाही, त्यांना बिचारीची काळजीच वाटली असेल. तोंड माझं उघडं होतं.

मुंबईत ‘पस्तिशीची बाई, बँकेत नोकरी’ एवढ्याने कोणी सापडत नाही. आपल्याकडे ‘केळीचे बाग, दोन मुली, धाकटा भाऊ सुरतला’ एवढं म्हणा, रावेर-यावलमधली पाच घरं लोक बोट ठेवून दाखवतील. त्यातल्या दोन घरांशी आपलीच सोयरीक निघेल. नाव लपवलं म्हणजे माणूस लपला, असं पुस्तकात चालतं, खान्देशात नाही. त्यामुळे त्या गृहस्थांची भीती मला पटते. उलट त्यांच्या मॅडमनी पहिल्याच भेटीत हे सांगायला हवं होतं, असं माझं मत आहे. मी सांगते: “माझ्या कामाबद्दल मी सहकाऱ्यांचा सल्ला घेते. तुमची ओळख बाहेर जाणार नाही. तरी नको वाटत असेल तर आत्ताच सांगा.” काही जण नको म्हणतात. त्यांचं बोलणं माझ्या खोलीतच राहतं, बैठकीत येत नाही.

कायदा काय म्हणतो तेही सांगते, कारण गृहस्थांनी कायद्याचं नाव घेतलंय. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ चा, लागू झाला २९ मे २०१८ ला. त्याच्या कलम २३ मध्ये रुग्णाची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क स्पष्ट लिहिलाय. मोजके अपवाद आहेत. त्यांतला एक, त्याच व्यक्तीच्या उपचारासाठी दुसऱ्या व्यावसायिकाला माहिती देणं. म्हणजे मी एखाद्याला सायकियाट्रिस्टकडे पाठवताना चिठ्ठीत लिहिते, ते यात बसतं. गाडीत बसून बोलणं कशातच बसत नाही.

आता उरलेलं निम्मं. मग बसताच कशाला, असं कोणीही विचारेल.

२०१९ च्या दिवाळीनंतर माझा एक क्लायंट गेला. कसा, कुठला, ते लिहिणार नाही. चार सेशन झाली होती, पाचव्याला आला नाही, आणि मग कळलं. मी कोणाला काही बोलले नाही. बोलणार कोणाला? नवऱ्याला सांगायचं तर गुप्तता मोडते. आईला सांगायचं तर ती म्हणणार, सोड हे काम, शाळेवर लाग. मी खोली नेहमीसारखी उघडत होते, सेशन घेत होते, पावती फाडत होते. महिनाभराने नवरा जेवताना एवढंच म्हणाला, “हल्ली भाजीत दोनदा मीठ पडतंय.”

आणखी एक होत होतं, ते त्याला माहीत नव्हतं. रात्री साडेनऊला मी क्लायंटना फोन करायला लागले होते. जेवलात ना? झोप लागतेय ना? हेल्पलाइनचा नंबर लिहून ठेवलाय ना? दिवसा तो नंबर मीच त्यांना दोन-दोनदा दिलेला असायचा. शेवटी एक शेतकरी क्लायंटच म्हणाला, “मॅडम, तुम्ही बऱ्या आहात ना?”

पुढच्या बैठकीत मी हा विषय मोठ्या हुशारीने मांडला. सेशन चुकवणाऱ्या क्लायंटचा पाठपुरावा किती करावा, यावर चर्चा करू या, म्हटलं. आमच्यात वयाने सगळ्यांत मोठे एक मनोविकार सामाजिक कार्यकर्ते आहेत, त्यांना आम्ही सगळे जिभाऊ म्हणतो. त्यांनी विचारलं, “ताई, फोन कोणाला लावताय?” मी सांगायला लागले, अमुक वयाचे एक, तमुक अडचणीतली एक. ते थांबले, चष्मा काढून सदऱ्याला पुसला, आणि पुन्हा तेच. “नाही. फोन कोणाला लावताय?”

त्या खोलीतलं घड्याळ फार जोरात वाजतं. बैठक सुरू करायच्या आधी ते काढून ठेवायचं असं दर वेळी ठरतं आणि दर वेळी राहून जातं. त्या दिवशी मी ते बराच वेळ ऐकलं. मग रडले, हे उघडच आहे.

पण रडणं हा त्यातला छोटा भाग. ‘तुझी काही चूक नाही’ असं कोणीच म्हणालं नाही, याचं आजही मला बरं वाटतं. चहा पुन्हा गरम केला आणि एकेक सेशन घ्यायला लावलं. काय विचारलंस? काय विचारायचं राहिलं? तिसऱ्या सेशनमध्ये झोप, भूक, कर्ज सगळं विचारून झालं होतं; जीव द्यावासा वाटतो का, हे सरळ विचारलं नव्हतं. कारण त्या दिवशी त्याची आई शेजारी बसली होती. आई बसलेली असताना असं कसं विचारायचं, असं मला वाटलं. आईला दहा मिनिटं बाहेर बसवता आलं असतं. हे मला एकटीला चार महिन्यांत दिसलं नव्हतं. सरळ विचारल्याने तो विचार कोणाच्या डोक्यात भरत नाही, हे अभ्यासांतून पुन्हा पुन्हा दिसलंय, मी ते परीक्षेत लिहूनही आले होते. आता प्रत्येकाला विचारते, सोबत आलेल्याला आधी बाहेर बसवून. हा बदल त्या खोलीत झाला. धुळ्याच्या गृहस्थांना मला हेच सांगायचंय: त्यांच्या घरातल्या बाईला उद्या जो प्रश्न विचारला जाईल, तो कदाचित अशाच एखाद्या खोलीत दुरुस्त होऊन आलेला असेल.

हे आम्ही शोधून काढलेलं नाही. फ्रॉइड यांच्या घरी १९०२ पासून दर बुधवारी चार-पाच डॉक्टर जमायला लागले, तिथपासून हे चालू आहे. १९५० च्या सुमारास लंडनच्या टॅव्हिस्टॉक क्लिनिकमध्ये मायकेल बालिंट आणि त्यांच्या पत्नी एनिड यांनी साध्या फॅमिली डॉक्टरांचे गट बसवले. रोग कोणता यावर तिथे खल होत नसे. या रुग्णाचा तुम्हाला कंटाळा का येतो, त्या दुसऱ्याला तुम्ही वेळेपेक्षा जास्त का बसवून घेता, यावर बोलायचं. ब्रिटनमधल्या समुपदेशकांच्या मोठ्या संघटनेत अधिस्वीकृत सभासदाला दरमहा किमान दीड तास सुपरव्हिजन, म्हणजे आपलं काम दुसऱ्या जाणत्या समुपदेशकापुढे मांडून तपासून घेणं, घ्यावंच लागतं, मग त्याचे केस पांढरे झालेले असोत. आपल्याकडे क्लिनिकल सायकॉलॉजीचं एम.फिल. करणाऱ्याला दोन वर्षं वरिष्ठांच्या नजरेखाली काम करावं लागतं, ते चांगलंच आहे. पण माझ्यासारखे एम.ए. आणि वर एक डिप्लोमा करून बोर्ड लावलेले कितीतरी जण आहेत. बोर्ड लागला त्या दिवसापासून आमच्या खोलीत क्लायंटशिवाय कोणी येत नाही, आणि आम्ही काय करतो ते कोणी विचारत नाही. २०२१ च्या कायद्याने मानसशास्त्रज्ञ आणि समुपदेशक आरोग्यसेवा व्यावसायिकांच्या राष्ट्रीय आयोगाच्या कक्षेत आले आहेत. नोंदणी होईल. नोंदणीने माझी पदवी तपासली जाईल, मागच्या मंगळवारचं सेशन नाही.

वरिष्ठ जवळ असते तर प्रश्न नव्हता. राज्यातली जुनी चार मनोरुग्णालयं ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरीला. खान्देशातून त्यांतलं कुठलंही गाठायचं तर रात्रभराचा प्रवास. म्हणून आम्ही एकमेकांनाच धरलं. अमळनेर यासाठी, की नंदुरबारहून आणि जळगावहून थेट गाडी आहे आणि धुळेकर एसटीने येतात, त्यांची रेल्वे चाळीसगावलाच जाते. या गावात १९१६ पासून तत्त्वज्ञानाचं केंद्र आहे, मोठमोठे लोक येऊन मनावर बोलून गेले. आम्ही मात्र बंद पडलेल्या एका शिकवणी वर्गाच्या माडीवर बसतो. महिन्याचा दुसरा रविवार, अकरा ते दीड. सात जण: रुग्णालयात एचआयव्ही तपासणीचं समुपदेशन करणारा एक, पोलिसांच्या महिला कक्षात नवरा-बायकोची भांडणं ऐकणारी एक, आश्रमशाळांमध्ये जाणारे एक सर, जिभाऊ, जळगावचे दोन खासगी, आणि मी. धुळ्याचे एक सायकियाट्रिस्ट अधूनमधून येतात आणि सतरंजीवरच बसतात. चहाचे वीस रुपये. थंडीत जळगावकर बामणोदच्या वांग्यांचं भरीत आणतात, त्या महिन्यात हजेरी पूर्ण असते.

रेल्वेतल्या त्या आजींनंतर आम्ही नियम केले. फोन पोह्यांच्या रिकाम्या डब्यात. कागदावर काही लिहायचं नाही. गाव, जात, पीक, नातं बदलून सांगायचं. मुलगी असेल तर पुतण्या करायचा, कापूस असेल तर किराणा दुकान. आणि सगळ्यांत महत्त्वाचा नियम, ऐकता ऐकता कोणाला माणूस ओळखीचा वाटला, तर काही न बोलता उठून गच्चीवर जायचं. का उठलास, हे नंतरही विचारायचं नाही. एकदा दोघं एकदम उठले होते. बोलणाऱ्याने तिथेच विषय थांबवला. गच्चीवर त्या दोघांनी अर्धा तास हवापाण्याच्या गप्पा मारल्या म्हणे. केस सांगायची ती जेमतेम पाच मिनिटं. उरलेला वेळ सांगणाऱ्याचा: तुला राग कुठे आला, भीती कुठे वाटली, खोटं कुठे बोललास. सल्ला पहिल्या फेरीत द्यायचाच नाही. हे फार अवघड जातं. समुपदेशकांना सल्ला न देता गप्प बसवणं म्हणजे लग्नात मामांना गप्प बसवण्यासारखं आहे.

आश्रमशाळावाल्या सरांचा एक प्रश्न सांगते, म्हणजे कसली कामं होतात ते कळेल. धडगाव-अक्कलकुव्याकडे त्यांना पावरी, भिलोरी समजणारं माणूस मध्ये घ्यावं लागतं. बहुतेक वेळा आशा ताई किंवा वसतिगृहातली बाई. मुलगा मराठीत अडतो, त्याच्या भाषेत बोलतो आणि मधली बाई सांगते. ती त्याच पाड्यावरची. म्हणजे गुप्ततेची भाषा आम्ही बोलायची आणि तिसरा कान शेजाऱ्याचा. दोन बैठका यावर गेल्या. ठरलं ते असं, की दुभाषी शेजारच्या नाही, लांबच्या पाड्यावरची घ्यायची. मुलाला आधी विचारायचं, ही चालेल का. आणि सेशन झाल्यावर सरांनी त्या बाईसोबत दहा मिनिटं बसायचं. ही शेवटची सूचना महिला कक्षातल्या ताईंची. त्या म्हणाल्या, ती बाई काय ऐकून घरी भाकरी थापायला जाते, याचा विचार आपण केलाय का? सर गप्प झाले. मीही. वर्षानुवर्षं दुभाष्याला आम्ही खिडकीसारखं वापरलं होतं.

असं सगळं छान चालतं, असं मात्र समजू नये. एक वर्ष आमची बैठक नुसती गाऱ्हाण्यांची झाली होती. कंत्राटी मंडळींचे अकरा-अकरा महिन्यांचे करार, थकलेला पगार, रजा नाही. गाऱ्हाणी खरी होती, पण दीड कधी वाजायचा कळायचं नाही. आता पहिली वीस मिनिटं गाऱ्हाण्यांना दिलीत, त्या मोठ्याने वाजणाऱ्या घड्याळाचा तेवढाच उपयोग. दुसरं दुखणं मैत्रीचं. आठ वर्षं एकत्र भरीत खाल्ल्यावर ‘तू इथे चुकलीस’ हे शब्द ओठावर येत नाहीत. शिवाय जळगावच्या दोघांमध्ये एका क्लायंटवरून धुसफूस झाली, तो एकाला सोडून दुसऱ्याकडे गेला म्हणून. तीन महिने ते एकमेकांकडे न बघता बसत होते. म्हणून तीन महिन्यांतून एकदा पुण्याच्या एका वरिष्ठ बाईंना आम्ही व्हिडिओवर बोलावतो, त्यांची फी वर्गणीतून. त्या कोणाच्या मैत्रीण नाहीत. त्या बोलतात तेव्हा आम्ही शाळेतल्यासारखे ताठ बसतो. बरोबरीच्यांचा सल्ला वरिष्ठांच्या सुपरव्हिजनची जागा घेत नाही, हे मी मान्य करते. दोन्ही लागतात.

सरकारी बाजूला याला नाव देखील नाही. आमच्यातले जे नोकरीत आहेत, त्यांच्याकडे दर महिन्याला आढावा बैठक असते. किती जणांचं समुपदेशन, किती जण पुढे पाठवले, किती शिबिरं. सगळे रकाने ‘किती’चे. साहेबांसमोर कोण म्हणेल, की मला अमुक क्लायंटची भीती वाटते? ज्याच्या हातात करार वाढवणं आहे, त्याच्यापुढे चूक कबूल होत नाही. म्हणून ही बैठक साहेबांची नसावी. वेळ मात्र साहेबांनी द्यावी. आमचा एचआयव्हीवाला मुलगा रविवारची सुट्टी मोडून, स्वतःचं तिकीट काढून येतो. १० ऑक्टोबरला, जागतिक मानसिक आरोग्य दिनी, त्यालाच ‘ताणमुक्त जीवन’ यावर भाषण द्यायला उभं करतात आणि नारळ देतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये कामातून येणाऱ्या थकव्याची, म्हणजे ‘बर्नआउट’ची, नोंद केली, तेव्हा तो आजार नाही, कामाच्या ठिकाणची गोष्ट आहे, असं लिहिलं. मग त्यावरचा इलाजही कामाच्या ठिकाणीच व्हायला हवा. तिन्ही जिल्ह्यांत जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची माणसं आहेत, हा कार्यक्रम देशात १९९६ पासून आहे. महिन्यातला अर्धा दिवस ‘कर्तव्यावर’ म्हणून लावून द्या, एवढंच मागणं आहे. खोली आम्ही शोधू. चहाचे वीस रुपयेही आमचेच.

आणि वाचकांना एक विनंती. तुम्ही किंवा घरातलं कोणी समुपदेशकाकडे जात असाल, तर बेधडक विचारा: तुम्ही अडलात तर कोणाला विचारता? आमची ओळख कशी सांभाळता? ‘मला कोणाला विचारायची गरज पडत नाही’ असं उत्तर आलं तर मी तरी दुसरा समुपदेशक शोधेन.

धुळ्याच्या त्या गृहस्थांना माझं आमंत्रण आहे. अमळनेरला यावं, मी खोली दाखवते: सतरंजी, पोह्यांचा डबा, ते घड्याळ, गच्चीचं दार. फक्त दुसरा रविवार सोडून यावं.

आपली,
एक समुपदेशक, अमळनेर

(नाव-पत्ता दैनिकाकडे दिला आहे. छापू नये. माझ्या माडीचा जिना कोण चढतं ते समोरच्या दुकानातून दिसतं.)